पिंग क्लीन आहे, सर

दुपारी तीननंतर फोनवरचा आवाज तुटतो, अशी आमच्या कोल्हापूरजवळच्या प्लँटची तक्रार होती. त्यातही तुटायचा तो आमचा आवाज, त्यांच्या कानात. त्यांचं बोलणं पुण्यात लख्ख ऐकू यायचं, मागच्या मशीनच्या घरघरीसकट. त्यामुळे हेड ऑफिसात ही तक्रार कुणाला खरीच वाटेना.

लाइन देणाऱ्या कंपनीकडे तिकीट टाकलं की त्यांचा माणूस सांगायचा, "सर, पिंग क्लीन आहे." खोटं बोलत नव्हता बिचारा. पण पिंग म्हणजे कडी वाजवून 'आहात का घरात?' विचारणं. 1983 साली माइक म्यूस यांनी ते लिहिलं ते नेटवर्क कुठे अडतंय हे शोधायला, फोनचा आवाज जोखायला नव्हे. पॅकेट जाताना हरवलं की येताना, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय ते सेकंदाला एक जातं, आवाजाची पन्नास जातात.

दोन्हीकडे सिस्कोचे राउटर होते, म्हणून त्यांच्यातलंच आयपी एसएलए हे मोजमापाचं साधन लावायचं ठरवलं. प्लँटच्या राउटरला रिस्पॉन्डर, म्हणजे चाचणीला उत्तर देणारा, केलं, ते एका ओळीचं काम. पुण्याच्या राउटरवर यूडीपी जिटरची चाचणी, कोडेक जी-711: वीस मिलिसेकंदांच्या अंतराने हजार पॅकेट्स, दर मिनिटाला एक फेरी. म्हणजे प्रत्येक मिनिटातले वीस सेकंद एक खोटा कॉल चालू. रिस्पॉन्डर पॅकेट्सचे क्रमांक बघतो, त्यामुळे जातानाची गळती वेगळी आणि येतानाची वेगळी मिळते. दोन्हीकडची घड्याळं एनटीपीने जुळवली, कारण त्याशिवाय एका दिशेचा विलंब मोजता येत नाही.

चाचणी आधी सुरूच होईना. तिचा पहिला निरोप यूडीपीच्या 1967 या पोर्टवर जातो आणि तो प्लँटचा फायरवॉल अडवत होता. तिथल्या आयटीच्या मुलाने तो मोकळा केला. चाचणीचं आयुष्य 'फॉरेव्हर' लिहायचं हेही महत्त्वाचं. नाही तर चाचणी तासाभराने गुपचूप थांबते आणि दुपारी बघायला काहीच उरत नाही.

खरी मेख मात्र पुढे होती. मी एक नव्हे, दोन चाचण्या लावल्या. एक साधी, दुसरीवर फोन लावतात तीच अग्रक्रमाची खूण, डीएससीपी 46. (सिस्कोच्या टीओएसच्या आज्ञेत 184 लिहावं लागतं, कारण तिथे पूर्ण बाइट मोजतात.) आवाजाला वेगळी रांग मिळावी म्हणून आम्ही लाइनवाल्यांना दरमहा जादा पैसे मोजत होतो. रांग खरंच असेल, तर गर्दीतही खूणवाली चाचणी सुखरूप पोचायला हवी.

रात्री दोन्ही स्वच्छ. दुपारी डिझाइन विभागाच्या ड्रॉइंग्ज प्लँटकडे निघाल्या की पुण्याहून जाणारी पॅकेट्स गळायला लागायची, येणारं एकही नाही. आणि गळती दोन्ही चाचण्यांत सारखीच! खूण असून नसल्यासारखी. पुण्याची लाइन 100 एमबीपीएसची, प्लँटची 10ची. अरुंद जागा येते ती लाइनवाल्या कंपनीच्या राउटरवर, प्लँटकडे तोंड असलेल्या पोर्टवर. तिथे आमच्या राउटरने लावलेल्या शिस्तीचा काही उपयोग नव्हता.

दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून पाठवले. या वेळी कॉलवर वरिष्ठ इंजिनिअर आले, पिंगचं नावही न काढता. थोडा वेळ कीबोर्डचा आवाज, मग म्हणाले, "सर, त्या पोर्टवर पॉलिसी लागलेलीच नाहीये." चालू कॉलवरच त्यांनी ती लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खूणवाल्या चाचणीची गळती शून्यावर होती. साधीची तशीच राहिली, आणि राहणारच. ड्रॉइंग्ज काही लहान झालेल्या नाहीत. प्लँटची लाइन 20 एमबीपीएसची करायचा प्रस्ताव आता अकाउंट्सकडे गेला आहे. त्याला साध्या चाचणीचा आलेख जोडला आहे, आणि दोन्ही चाचण्या चालूच ठेवल्या आहेत.