आधी पाठीवर बार

लग्नसराई तोंडावर आली की जिममध्ये नवी पोरं वाढतात. फीचे पैसे मोजून होण्याआधीच त्यांतल्या निम्म्यांचा प्रश्न ठरलेला: ‘सर, सिक्स पॅक किती दिवसांत येतील?’ २००७ साली ‘ओम शांती ओम’मध्ये शाहरुखने आणि पुढच्या वर्षी ‘गजनी’त आमीरने शर्ट काढला, तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे मुक्कामालाच आहे. त्याआधीच्या पोरांना दंड आणि छाती हवी असायची. ती मागणी मला अजूनही जास्त शहाणपणाची वाटते.

पोटावरचा सरळ स्नायू बरगड्यांपासून खाली जांघेच्या हाडापर्यंत उतरतो. मधोमध एक उभी रेघ आणि तिला छेदणारे आडवे चिवट पट्टे, त्यातून ते चौकोन तयार होतात. पट्टे किती, सरळ की वाकडे, हे जन्मतःच ठरतं. म्हणून कुणाला सहा दिसतात, कुणाला चार, कुणाला आठ. व्यायामाने चौकोन जाड होतात, त्यांची मांडणी बदलत नाही. आणि वर चरबी असेल तर जाड झालेलेही दिसत नाहीत. रजईखालचा माणूस कितीही पिळदार असला तरी वरून रजईच दिसणार. क्रंचेस मारून नेमकी पोटावरचीच चरबी जळत नाही. शरीर ती आपल्या क्रमाने काढतं आणि पुरुषांच्या बाबतीत बेंबीखालचा थर बहुधा सगळ्यात शेवटी जातो. अंगातली चरबी दहा-बारा टक्क्यांवर आली की पुरुषाचं पोट स्पष्ट दिसतं. बायकांना एवढं खाली जायची गरज नाही आणि जाऊही नये, पाळीच बिघडते.

खरी पंचाईत हाडकुळ्या पोरांची. छप्पन किलोचा मुलगा आरशासमोर टी-शर्ट वर करतो, त्याला चार रेघा आधीच दिसत असतात. त्या जातील या भीतीने तो जेवत नाही. जेवत नाही म्हणून वजन उचलत नाही आणि उचलत नाही म्हणून वर्षभराने होता तसाच असतो. दुसरा प्रकार म्हणजे हातापायाच्या काड्या आणि पुढे छोटंसं पोट. याला कुणीतरी ‘आधी कटिंग कर’, म्हणजे खाणं कमी करून चरबी उतरव, असा सल्ला दिलेला असतो. काय कापणार? खाली स्नायूच नाही. पण नवशिक्याला एक सवलत असते, ती पुढे मिळत नाही. पोटापुरतं खाऊन, प्रथिनं नीट घेऊन तो वजनं वाढवत गेला तर स्नायू वाढणं आणि चरबी उतरणं काही महिने बरोबरीने चालतं. ही सवलत उपाशी राहून घालवणाऱ्यांचा मला राग येतो.

पोटाचं काम मी शिकवतो ते स्क्वॉटच्या रॅकपाशी. पोराला सांगतो, दोन्ही हातांची बोटं कमरेच्या हाडाच्या जरा वर, बाजूंना दाब. आता श्वास छातीत नको, खाली घे. बोटं बाहेर ढकलली गेली पाहिजेत. पहिल्यांदा हटकून खांदे वर जातात आणि पोट आत ओढलं जातं, फोटो काढताना ओढतात तसं. मग सांगतो, मी बुक्का मारणार आहे असं समज. त्या क्षणी पोट चारी बाजूंनी कडक होतं, बोटं उचलली जातात आणि पोराचा चेहरा बदलतो. तोच ताण धरून बार पाठीवर घ्यायचा, खाली बसायचं, उठायचं, मग श्वास सोडायचा. तळाला जाऊन ताण सुटला की कंबर गोल होते, ते बाजूने लगेच दिसतं. ब्लड प्रेशर किंवा हर्निया असेल त्याला मी श्वास कोंडायला लावत नाही. प्लँक आणि लटकून पाय उचलणं शेवटी, दोन-तीन सेट, पुरे.

स्पर्धेच्या पोस्टरवरचं पोट हा वेगळाच विषय. ते त्या एक-दोन दिवसांपुरतं असतं. आधी महिनोन्महिने कडक डाएट, वर रंग, तेल आणि डोक्यावरचे दिवे. पाणी तोडण्याचे प्रकार तर जिवावर बेततात.

घरी गाडी अडते ती प्रथिनांवर. किलोमागे दीड ग्रॅम धरलं तरी साठ किलोच्या पोराला नव्वद ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा. वाटीभर वरणात त्याहून फारसं जास्त नाही. शाकाहारी घरात मी सोयाचंक्स सुचवतो, शंभर ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये पन्नासेक ग्रॅम मिळतात. चव कुणालाच आवडत नाही, रस्सा झणझणीत केला की खपतात. भाकरी आणि भात उगाच बदनाम झालेत.

‘आता कटिंग करू का?’ असं कुणी विचारलं की मी त्याची वजनं लिहायची वही मागतो. स्वतःच्या वजनाइतका बार घेऊन नीट पाच स्क्वॉट होत नसतील तर उत्तर एकच: जेव. होत असतील तर रोजच्या तीनशे कॅलरी काढायच्या. त्यासाठी भात सोडावा लागत नाही. भाजीतलं पळीभर तेल कमी केलं की सव्वाशे जातात आणि चार चहांतली दोन-दोन चमचे साखर सोडली की आणखी दीडशेच्या आसपास. तेलाचं आईशी बोलावं लागतं. साखरेवर मात्र पोरं माझ्याशीच घासाघीस करतात, निदान सकाळच्या चहात तरी असू दे म्हणून.