सरासरीवरचा विश्वास

पाऊस बदललाय असं कुणी म्हटलं की मी हसण्यावारी न्यायचो. पाटबंधारे खात्यात हयात गेलेली, हातात कायम वार्षिक आकडे. प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणचाच पाऊस खरा वाटतो, असं माझं मत. कृष्णा खोऱ्याला पूरही नवा नाही आणि दुष्काळही. ‘हवामानबदल’ हा पूररेषेत प्लॉट पाडणाऱ्यांना सापडलेला सोयीचा आडोसा आहे, असंही मी चारचौघांत बोलायचो. आडोशाबद्दलचं मत आजही तेच आहे. बाकीचं राहिलं नाही.

आमचं अख्खं खोरं वर्षाच्या बेरजेवर चालतं. १९७३ मध्ये बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी धरलं २,०६० टीएमसी, ७५ टक्के विश्वासार्हतेने. म्हणजे चारातली तीन वर्षं तरी मिळेल एवढं. २०१० मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने वेगळ्या वर्षांची मालिका घेतली, विश्वासार्हता ६५ टक्क्यांवर आणली आणि आकडा २,२९३ वर नेला. त्यावरून राज्यं अजून भांडताहेत. पण १ जून ते ३१ मे या वर्षात ते पाणी तीन महिन्यांत सावकाश आलं की पंधरवड्यात कोसळलं, हे त्या आकड्यातून कळत नाही. मलाही ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

२०१९ चा जून कोरडा गेला. जुलैअखेर घाटावर पाऊस लागला आणि ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढलं. तिथली धोक्याची पातळी ४५. त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. वर्षअखेर दोन्हींची बेरीज करून भागाकार केला की जिल्ह्याचं पाऊसमान झकास! दोन वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. आटपाडीला बहुतेक वर्षी बारा महिन्यांत एवढा होत नाही.

एकदोन घटनांनी माझ्यासारखा माणूस बधत नाही. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं काम काढून वाचलं. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं की मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढताहेत आणि मध्यम पाऊस घटतोय, त्यामुळे सरासरी जवळपास जागच्या जागी दिसते. मी ज्या स्थिर सरासरीच्या जोरावर वाद जिंकत होतो, ती अशी स्थिर होती. पुढे २०१७ मध्ये रॉक्सी कोल यांच्या गटाने १९५० पासूनची नोंद तपासली. मोठ्या टापूत एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढलेली निघाली. तापलेल्या अरबी समुद्रावरून बाष्प येतं, मात्र ते रोज थोडं थोडं न येता झपाट्याने येतं. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे तर आम्ही कॉलेजात शिकलेलो.

हे सगळे निष्कर्ष खोऱ्यातल्या प्रत्येक तालुक्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि पर्जन्यछायेतला पाऊस एका मापाने मोजायचेच नाहीत. पण पूर्वेकडच्या शेतकऱ्याला बेरीज कधी नकोच होती. त्याला पेरणीनंतर रिपरिप हवी, वापसा हवा, खंड नको. एका रात्रीत ६५ मिमीच्या वर पडला की महसूल मंडळात अतिवृष्टीची नोंद होते. रान चिबडतं, उरलेलं पाणी ओढ्याने जातं, आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडं. महिन्याची सरासरी मात्र गाठलेली.

सगळ्यात अवघड गेलं ते धरणाबद्दलचं मत बदलणं. १०५ टीएमसीचं कोयना जुलैतच भरत आलं की आम्ही समाधानाने झोपायचो. आता मला वाटतं, ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यात बऱ्यापैकी जागा मोकळी हवी. पाऊस असा एकदम येणार असेल, तर भरलेल्या धरणाला आलं तसं पाणी खाली सांगलीकडे सोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

हे मी आटपाडीच्या मेहुण्याला सांगितलं. त्याची डाळिंबाची बाग टेंभू उपसा योजनेच्या, म्हणजे शेवटी कोयनेच्याच पाण्यावर आहे. तो शांतपणे म्हणाला, “दाजी, धरण मोकळं ठिवलं, आन् पुढं पडलाच न्हाई तर? २०१५ ला न्हवता पडला.”

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. सांगलीत नदीकाठी राहणाऱ्या माझ्या मित्रापुढे मी हा प्रश्न अजून काढलेला नाही.