बाकी काय?

आमच्या कॉलेजात गणित शिकवणारे एक गृहस्थ आहेत. माणूस सज्जन, विद्वान आणि वेळेचा पक्का. जिन्यात कुणी त्यांना "काय, आज फारच उकडतंय नाही?" असं म्हटलं, की ते घड्याळाकडे पाहतात. "उकडतंय हे दोघांनाही ठाऊक आहे, मग ते सांगायचं कशाला?" असा त्यांचा सवाल. तर्काच्या दृष्टीनं तो बिनतोड आहे. पण मला विचाराल, तर न सांगितल्या तरी चालतील अशा गोष्टी एकमेकांना सांगण्यावरच आपले निम्मे ऋणानुबंध उभे असतात.

आपल्या लोकांचं बोलणं जरा कान देऊन ऐका. हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत असते, तरी आपण विचारतो, "काय, मंडईत गेला होतात वाटतं?" ओल्या केसांनी बाहेर आलेल्याला विचारतो, "झाली का आंघोळ?" दुपारी रस्त्यात भेटलेल्याला विचारतो, "जेवण झालं का?" तो 'नाही' म्हणाला, तर त्याला घरी नेऊन पानावर बसवायची आपली तयारी असतेच असं नाही. त्यालाही हे ठाऊक असतं. उत्तराशी कुणालाच फारसं कर्तव्य नसतं. आपल्याला कुणीतरी विचारलं, एवढ्यानं माणूस सुखावतो. जुन्या पत्रांतसुद्धा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष आणि इकडचं क्षेम एवढं लिहून झाल्याखेरीज उसन्या पैशांची गोष्ट निघत नसे.

गंमत अशी की, या रिकाम्या बोलण्याला शास्त्रातही मानाचं पान मिळालेलं आहे. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथल्या अनुभवाच्या आधारानं १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यानं अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. आपण त्याला 'सलगीचं बोलणं' म्हणू. हवापाण्याच्या गप्पांतून विचार पोचवायचा नसतोच, माणसं नुसत्या शब्दांच्या देवघेवीनं एकमेकांशी बांधली जातात, असं त्याचं म्हणणं. आणि अनोळखी माणसाचं मौन आपल्याला शांत वाटण्याऐवजी धास्ती घालतं, हेही त्यानं सांगून ठेवलं आहे.

तुम्ही म्हणाल, त्या बेटांवरच्या गोष्टी आज कशाला? आज तर एस.टी.च्या बाकावर शेजारी बसलेला माणूस कानांत बोंडं घालून बसलेला असतो. त्याच्याशी बोलायला जावं, तर त्याला त्रास होईल असं वाटतं. पण हे वाटणंही तपासून झालेलं आहे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघांनी शिकागोच्या परिसरातल्या आगगाडीच्या प्रवाशांवर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना त्यांनी अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना एकटं बसायला. बोलण्यानं प्रवास कंटाळवाणा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांनी गप्पा मारल्या, त्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला.

हे दाखले गणिताच्या प्राध्यापकांना ऐकवायला ठीक आहेत. मला मात्र या बोलण्याची खरी किंमत कळली ती एका विद्यार्थ्यामुळे.

पोरगा मावळातला. मागच्या बाकावर बसायचा, वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, पाऊस काय थांबंना."

"नाही रे बाबा. तुमच्याकडे भातलावणी झाली का?"

"झाली सर. वरचं खाचर राहिलंय."

एवढं बोलून तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्या दिवशी ओढ्याच्या पुराची हकीगत झाली. तिसऱ्या दिवशी म्हैस व्याल्याची बातमी कळली. चौथ्या दिवशी रेडकाची चौकशी झाली, पोरगा जायला निघाला, उंबऱ्यापाशी थांबला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "सर, उद्यापासून येणार नाही. वडील अंथरुणाला खिळलेत. मी कारखान्यात कामाला लागतोय."

मी त्याला परत बोलावून बसवलं. संध्याकाळपर्यंत आम्ही बोलत होतो. पुढं त्यानं पाळीचं काम धरलं, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून अर्ज भरला आणि या उन्हाळ्यात तो परीक्षा पास झाला.

पहिल्याच दिवशी "काय काम आहे ते बोल" असं कुणी त्याला म्हटलं असतं, तर "काही नाही सर" म्हणून तो पायरी उतरला असता. त्याच्याकडे पावसाळ्यात ओढ्यांवर लाकडाचे साकव असतात. त्यावर चालण्याआधी माणूस एक पाय टाकून लाकूड जरा दाबून बघतो. माझ्या मते, ते चार दिवस तो तेच करीत होता. पाऊस, खाचर, म्हैस यांवर पाय ठेवून आपलं ओझं इथं पेलेल की नाही, हे तो अजमावीत होता.

आपणही काही वेगळे नाही. पाहुणा तासभर बसतो, चहा घेतो, महागाईवर बोलतो. मुलीच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट, डॉक्टरांनी सांगितलेली शंका, पैशाची अडचण हे सारं बाहेर पडतं ते चपला घालताना. तासभराच्या त्या फुकट गप्पा झाल्या नसत्या, तर ते शेवटचं वाक्य त्यानं तसंच घरी नेलं असतं.

म्हणूनच मला आपला "बाकी काय?" हा प्रश्न फार आवडतो. बोलण्यासारखं सारं बोलून झालं, की आपण तो विचारतो. उत्तर ठरलेलं असतं, "बाकी काही नाही." पण त्यानंतर जे दोन क्षण माणूस घुटमळतो, तिथं अडलेल्या शब्दाला वाट सापडते. वाण्याच्या वहीत बाकी शून्य झाली की दोघांनाही हायसं वाटतं. माणसामाणसांतल्या वहीत मात्र थोडी बाकी राहिलेलीच बरी. ती असेपर्यंत खातं चालू असतं.

या दिवाळीत फराळाला कुणी आलं, की चिवड्यात मीठ जास्त झालं का, एवढंच बोला हवं तर. पण तो उठला, की दारापर्यंत जा, आणि त्याच्या चपला घालून होईपर्यंत तिथं उभे राहा.