साखऱ्याचे माळवद आणि नांदेडचा तिसरा मजला

साखऱ्याहून नांदेडला फ्लॅट पाहायला जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आधी सेनगाव, मग हिंगोली, पुढे कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा. अर्धापूरजवळ केळीच्या बागा दिसू लागल्या की नांदेड आले असे समजायचे. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही उभयतांनी हा रस्ता चार वेळा तुडवला.

गावात आमचे घर आहे. मातीच्या रुंद भिंती, वर माळवद, पुढे ओसरी. एप्रिलच्या उन्हातही आत गारवा असतो. पण मुलगी बारावीनंतर नांदेडला शिकते आहे, धाकटा दोन वर्षांत तिच्या मागे जाईल, आणि अम्मींना दर महिन्याला तिथल्याच डॉक्टरांना दाखवावे लागते. भाड्याच्या दोन खोल्यांवर जाणारा पैसा परत येत नाही. म्हणून स्वतःच्या फ्लॅटचा विचार सुरू झाला. आमच्या खानदानात आजवर कोणी फ्लॅट घेतलेला नाही.

पहिला फ्लॅट पाहिला तो एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये. फाटक, बाग, लिफ्ट, सगळे झकास. माणसाने क्षेत्रफळ सांगितले ते बिल्टअपचे. रेरा कायदा 2017 पासून पूर्णपणे लागू झाला आहे आणि त्यात विक्री कार्पेट क्षेत्रावरच करायची असते. म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात धरत नाहीत. हिशेब केला तर हॉल सांगितल्यापेक्षा बराच आखूड निघाला. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असावाच लागतो. नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. एवढे तरी प्रत्येक घरातल्या एकाला माहीत असावे.

आमच्या घरच्या बायका मात्र वेगळ्याच गोष्टी पाहत होत्या आणि त्यांचे बरोबर होते. संडासाची बैठक किबल्याच्या दिशेला आहे का? नळाला पाणी कितीदा येते, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, टँकरचा खर्च कोण भरतो? जवळची मशीद चालत जाण्याजोगी आहे का? अम्मींनी लिफ्टमध्ये उभे राहून दोन्ही हात पसरले आणि विचारले, "इथून जनाजा कसा उतरवणार?" दाखवणाऱ्या माणसाकडे उत्तर नव्हते. जिना अरुंद होता. आम्ही तो फ्लॅट तिथेच सोडला.

दुसऱ्या एका ठिकाणी सगळे ठरत आले होते. आमचे नाव विचारले आणि संध्याकाळी फोन आला, "तो फ्लॅट कालच बुक झाला." महिनाभराने त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा पाहिली. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याचे 23 वे कलम सांगते की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. दुसरीकडे गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा पोटनियम मान्य केला. आणि आमचे प्रकरण तर सोसायटीपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्याआधीच दार लागले. भांडत बसण्यात अर्थ नव्हता. वाईट मात्र वाटले, मुलीला तर जास्तच.

खरा पेच पैशाचा होता. नव्या कॉम्प्लेक्समधला फ्लॅट 26 लाखांचा, आमच्याकडे हळदीचे आणि साठवलेले मिळून 12 लाख. उरलेल्या 14 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे 12,150 रुपये. सगळे हप्ते बेरजेला मांडले तेव्हा आकडा 29 लाखांच्या वर गेला. व्याज हराम आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. कागदावर ते असे दिसते. युरोपातल्या फतवा परिषदेने 1999 मध्ये दुसरा मार्ग नसेल तर पहिल्या घरासाठी सवलत दिली होती. बऱ्याच उलमांना ती मान्य नाही. ब्रिटनमध्ये 2004 पासून इस्लामी बँक आहे. तिथे बँक आणि ग्राहक भागीदारीत घर घेतात. आपल्याकडे रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. गरजेची सवलत आम्हाला लागू होते का, यावर आम्ही दोघे बरेच दिवस बोललो. डोक्यावर छप्पर आहे, तर ती आमच्यासाठी नाही, असे आमचे मत झाले. ज्याचा प्रसंग वेगळा, त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

मग जमीन विकायचा विषय निघाला. ती अजून मरहूम अब्बांच्याच नावावर. शरियतच्या हिशेबाने 40 वाटे केले तर अम्मींचे 5, आम्हा दोन भावांचे 14-14 आणि बहिणीचे 7. नातेवाइकांनी सल्ला दिला, "तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्या, भाऊबीज-ओवाळणी नसली तरी माहेर असतेच की." गावोगाव असेच चालते. आपाने सही केलीही असती, हसत हसत. तिने मागितले नाही म्हणून तिचे 7 वाटे आमच्या हॉलच्या फरशीत घालायचे, हे आम्हाला जमेना. आधी वाटणी, मग विक्री, असे ठरले आणि विक्री अर्थात लांबली.

चौथ्या फेरीत जुन्या वस्तीतला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके पाहिला. इमारत पंधरा वर्षांची, रंग उडालेला, पण जिना रुंद आणि मशीद दोन गल्ल्या पुढे. किंमत 17 लाख. तयार जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही, आणि बाईच्या नावाने घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते, म्हणून खरेदी आमच्या घरातून हिच्या नावे करायची. वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागितला आहे. मालक भला माणूस; आठ लाख साठेखताला आणि उरलेले दीड वर्षात, वर एक रुपयाही नाही, यावर तो राजी झाला. कमी पडेल ते थोरले भाईजान कर्जे-हसना देणार आहेत. त्यांनी स्वतःच कागद करायला सांगितला, दोन साक्षीदारांसह, जसे सूरह बकरामध्ये सांगितले आहे.

खोली लहान आहे. पाहुणे आले की मुलांना स्वयंपाकघरात झोपावे लागेल. माळवदावर पसरायच्या मिरच्या आणि पापड कुठे वाळवायचे, हा अम्मींचा प्रश्न अजून बाकी आहे. त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्चीची चावी कोणाकडे असते ते विचारून ठेवले आहे. सध्या साखऱ्यात हळद उकडणे चालू आहे. वाळून पॉलिश होऊन ती हिंगोलीच्या बाजारात गेली की इसार द्यायला निघू, इन्शाअल्लाह.