मृगाच्या तोंडावरचा संप

2018 च्या मे महिन्यात ग्रामीण डाक सेवक देशभर संपावर गेले, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या व्यापाऱ्यांचं एक निवेदन तहसील कचेरीत गेलं. त्याचा मजकूर माझा होता. सह्या गोळा करायला दुकानोदुकानी मीच फिरलो. त्या निवेदनातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं होतं, आणि ते कळल्यावरही मी बरीच वर्षं गप्प राहिलो. संपाच्या वेळी छोट्या धंदेवाल्याचं मत कसं बनतं ते मी आतून पाहिलं आहे, म्हणून आता लिहितो आहे.

माझं बियाण्याचं दुकान आहे. काउंटरवरचं गिऱ्हाईक आसपासच्या गावांतलं. दुसरं गिऱ्हाईक टपालाचं, आणि माझा खरा जीव त्यात आहे. दोडका, घोसाळी, कारली, भेंडी, गवार, तांबडा भोपळा, वाल अशा बियांची छोटी पुडकी, सोबत कधी आणि किती अंतरावर टोकायचं याचा कागद, असं परसबागेचं एक पाकीट आम्ही तयार करतो. ते मागवणाऱ्या बहुतेक बायका. बचत गटातल्या, अंगणवाडीतल्या. जव्हार-मोखाड्यापासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत पाकिटं जातात. कुरियरवाले तालुक्याच्या गावी थांबतात आणि गिऱ्हाइकालाच फोन करून बोलावून घेतात. साठ-सत्तर रुपयांच्या बियांसाठी कोण एसटीचं भाडं खर्चून येणार? पाड्यावर, वाडीवर जातं ते पोस्टच. त्या वेळी देशात सुमारे दीड लाख टपाल कार्यालयं होती आणि त्यांतली 1 लाख 29 हजारांहून अधिक खेड्यातली शाखा कार्यालयं होती. ती चालवणारे सगळे ग्रामीण डाक सेवक. माझा निम्मा धंदा या माणसांच्या सायकलीवर चालत होता आणि त्यांच्या नोकरीबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

संप सुरू झाला 22 मे रोजी. रोहिणी नक्षत्र लागायला तीन दिवस, मृग सोळा-सतरा दिवसांवर. ज्यांना परसबाग करायची त्यांच्या हातात बी या काळात पडावं लागतं. पहिला चांगला पाऊस झाला की टोकण. ‘मृगाच्या आत पाकीट घरी’ असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि बऱ्याच जणींकडून पैसे आगाऊ घेतले होते.

पहिली चूक इथेच झाली. आमच्या गावचं पोस्ट उघडं होतं. काउंटरवरचे लोक खात्याचे नेहमीचे कर्मचारी, ते संपात नव्हते. वजन होत होतं, बारकोड लागत होता, पावती मिळत होती. मी रोज पाकिटांची पिशवी घेऊन जात राहिलो. आमच्याकडून थैली निघायची, गाडीने पुढच्या तालुक्याच्या कार्यालयात पोचायची आणि तिथेच पडायची, कारण तिथून पुढे गावात नेणारा हात संपावर होता. मोबाइलवर पाकिटाचा नंबर टाकला की त्याच त्या कार्यालयाचं नाव दिवसेंदिवस दिसायचं. काउंटरवरच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की, इथून जाईल, पण घरी कधी पोचेल ते सांगता येत नाही. तरी मी थांबलो नाही. थांबलो असतो तर गिऱ्हाइकांना फोन करावे लागले असते आणि आगाऊ घेतलेले पैसे परत द्यावे लागले असते. ते पैसे माल भरण्यात गेले होते. पावती हातात आहे, म्हणजे माझं काम झालं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्यातली बरीच पाकिटं व्हीपीपीने गेली होती. व्हीपीपीत गिऱ्हाईक दारात पैसे देतं आणि ते मनीऑर्डरने आपल्याकडे येतात. पाकीट दारात गेलंच नाही, तर पैसे येत नाहीत. मुदत संपली की माल परत येतो आणि लावलेलं टपालही बुडतं. छोट्या धंद्यात ही रक्कम कागदावर मोठी दिसत नाही, पण हंगामाची सगळी उलाढाल तेवढ्यावरच असते. तो तोटा खरा होता आणि आजही मी तो हलका लेखणार नाही. संपाचा फटका आम्हाला बसला नाही असं कोणी म्हटलं, तर मी ते मान्य करणार नाही.

पण त्या तोट्याचा राग मी कुठे काढला? व्यापारी संघाच्या बैठकीत प्रत्येकाकडे एकेक गाऱ्हाणं होतं. एकाची नोंदणी पत्रं अडकली होती, एकाच्या मसाल्याचे नमुने, एका वर्तमानपत्र विक्रेत्याची मासिकं. चहा होईस्तोवर सगळ्यांचं एकमत झालं आणि मी कागद पुढे ओढला. लिहिलं की, भरघोस पगार घेणारे हे सरकारी कर्मचारी जनतेला वेठीस धरत आहेत. लिहिलं की, यांच्यावर मेस्मा लावा. एकानेही विचारलं नाही की यांना पगार किती मिळतो, आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नाही. मेस्मा हा अत्यावश्यक सेवांतले संप रोखण्यासाठीचा महाराष्ट्राचा कायदा, टपाल केंद्राच्या अखत्यारीत. एवढंही तपासलं नव्हतं. जिल्ह्याच्या एका दैनिकात ती बातमी फोटोसह छापून आली. फोटोत मी पुढे होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका बचत गटाच्या ताईंचा फोन आला. “दादा, इथं वळीव पडून गेला. वाफे करून ठेवलेत. बी कुठाय?”

मी म्हटलं, “संप चालू आहे ताई. पोस्टवाल्यांना विचारा.”

“पोस्टवाला माझा दीरच आहे की. त्यानं संपाच्या आधी गावात घरोघरी सांगितलं, काही मागवू नका, येणार नाही म्हणून. तुम्हाला कोणी बोललं नाही?”

बोललं होतं. नोटीस आधीच दिली गेली होती, वर्तमानपत्रात आलं होतं, काउंटरवरच्या बाई बोलल्या होत्या. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. त्यावर त्या म्हणाल्या, “त्याला काय मिळतं ते आम्ही बघतो ना. त्याच्यावर रागावून काय करू?” बी न मिळालेली बाई संपावर रागावलेली नव्हती. बाजारपेठेत बसलेला मी रागावलो होतो. जनता त्रस्त आहे असं मी निवेदनात लिहिलं होतं, आणि ज्या जनतेच्या नावाने लिहिलं तिला मी विचारलंच नव्हतं.

जिल्ह्याच्या पोस्टासमोर संपकऱ्यांचा मांडव होता. बँकेच्या कामाला गेलो असताना तिथे आमच्या ओळखीचे एक शाखा डाकपाल दिसले. त्यांच्या गावी मी पूर्वी गेलो होतो. घराच्या पडवीत एक टेबल, कुलूप लावलेली लाकडी पेटी, तारखेचा शिक्का आणि वजनकाटा. ते गावचं पोस्ट. ती पडवी त्यांच्या स्वतःच्या घराची होती आणि पोस्टासाठी जागा देणं ही त्यांच्याच डोक्यावरची अट होती, हे मला त्या मांडवात कळलं. त्यांनी माझा फोटो पाहिला होता. तरी खुर्ची दिली आणि मागण्यांचं पत्रक पुढे केलं. काम कागदावर दिवसाला तीन ते पाच तासांचं, मिळतो तो पगार नव्हे, तासांप्रमाणे ठरलेला भत्ता. खात्यातल्या कर्मचाऱ्यासारखं निवृत्तिवेतन नाही. नोकरीवर घेतानाच पोटापाण्याचं दुसरं साधन आहे असं दाखवावं लागतं. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात म्हटलं की, ही माणसं नागरी पदावर आहेत. पण नियमित सेवेच्या चौकटीत त्यांना जागा मिळाली नाही. त्यांच्या भत्त्याचा विचार करायला कमलेश चंद्र समिती नेमली गेली. तिने 2016 च्या नोव्हेंबरात अहवाल दिला आणि अंमलबजावणीची वाट बघत दीड वर्ष गेलं. संप त्यासाठी होता. आधीच आलेला सरकारी समितीचा अहवाल लागू करा, एवढीच ती मागणी. मला धक्का बसला तो या दीड वर्षाचा. त्या काळात आमच्या संघाने टपालाबद्दल एक ओळही कुठे लिहिली नव्हती. माझं पाकीट पंधरा दिवस अडलं, तर मी तहसीलदारांकडे धावलो. यांचा अहवाल दीड वर्ष अडला, त्याची मला खबरही नव्हती.

6 जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने भत्त्याचे नवे दर मंजूर केले. शाखा डाकपालाला रोजच्या चार तासांसाठी महिन्याला किमान 12,000 रुपये आणि पाच तासांसाठी 14,500. बाकीच्या सेवकांना 10,000 आणि 12,000. सोळा दिवसांचा संप मिटला. साचलेल्या थैल्या निघायला आणखी वेळ गेला. माझी पुष्कळ पाकिटं पेरणी होऊन गेल्यावर पोचली. ज्यांनी पैसे मागितले त्यांना मी परत दिले, पण टपालखर्च कापून. तोही कापायला नको होता. पाकीट पोचणार नाही हे दिसत असताना पाठवलं मी होतं. आणि ज्यांनी मागितले नाहीत, त्यांना मी आपणहून विचारलं नाही.

दैनिकाला चूक कबूल करणारं पत्र लिहायला हवं होतं. एकदा लिहिलंही, पाठवलं नाही. व्यापारी संघात रोज बसायचं-उठायचं, तिथे आपणच गोळा केलेल्या सह्या चुकीच्या होत्या हे कसं सांगायचं, या भीतीने ते राहिलं. लोकमत तेव्हा असंच घट्ट झालं. पोस्टवाले आडमुठे, हे आमच्या बाजारात अजूनही काही जण बोलतात आणि त्याला माझा हातभार आहे. 1946 च्या जुलैमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला, तेव्हा 29 जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी अख्ख्या कलकत्त्याने बंद पाळला होता. तेव्हाही मनीऑर्डरी अडल्याच असणार, दुकानं बुडालीच असणार. तरी लोकांनी बाजू घेतली, कारण संप कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

12 डिसेंबर 2023 पासून डाक सेवक पुन्हा संपावर गेले. मागण्या होत्या आठ तासांचं काम आणि निवृत्तिवेतन. नोटिशीची बातमी वाचल्याबरोबर मी टपालाची मागणी घेणं थांबवलं, आगाऊ पैसे देणाऱ्यांना फोन केले, ज्यांना नको होतं त्यांचे पैसे पूर्ण परत दिले. तोटा झाला, पण गिऱ्हाईक फसलं नाही. व्यापारी संघात या वेळी मी संपकऱ्यांच्या मागण्यांचा विचार करा असं निवेदन मांडलं. 2018 च्या कागदावर मी काही तासांत पानभर सह्या मिळवल्या होत्या. या कागदावर फार थोड्या मिळाल्या. तेवढ्याच सह्यांनिशी तो पाठवला, आणि 2018 मध्ये राहून गेलेलं पत्रही आता दैनिकाला दिलं आहे.

टपालावर धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पुढच्या संपात तुमच्यापुढे असा कागद सहीसाठी येईल, तेव्हा आपल्या पाकिटाचं शेवटचं अंतर कोण चालतो त्याला आधी भेटा, त्याचं मागणीपत्रक वाचून घ्या आणि मग सही करायची की नाही ते ठरवा.