पावसाळ्यातले हातमोजे

पावसापासून अंग राखण्याची जी साधने आपल्या वाडवडिलांनी केली, त्यांत हातांचा विचार कोठेच दिसत नाही. कोकणातले इरले डोके आणि पाठ झाकते. घाटावरच्या घोंगडीची खोळ डोक्यावरून पार पोटऱ्यांपर्यंत येते. छत्री तर एक हात स्वतःसाठीच अडकवून ठेवते. हात मोकळे हवेत, कारण लावणी त्यांनीच करायची, कासराही त्यांनीच धरायचा; भिजले तर धोतराच्या सोग्याला नाहीतर पदराला पुसावेत, इतका साधा हिशेब. पुढे रेनकोट आले, गमबूट आले, प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या. हात उघडे राहिले ते राहिलेच. वास्तविक पावसात दुचाकी चालविणाऱ्याच्या देहात सर्वांत पुढे असतात ते हात, वारा आणि पाणी आधी झेलतात ते हात, आणि गाडी आवरण्याचे बहुतेक काम त्यांच्याच बोटांवर असते.

हा विचार आम्हां उभयतांना करावा लागला तो येथे, भोपाळच्या सोनागिरीत. १९५६ साली नागपूरची राजधानी जाऊन भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली, आणि त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. या दोन घटनांनी कितीतरी मराठी घरे या तळ्यांच्या गावी आणून सोडली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा हा आमच्या शेजारचा सारा भाग कारखान्याच्या पाळ्यांवर चालत आला आहे. त्या पहिल्या पिढीचे लोक सायकलवर, आणि नंबर लागला म्हणजे स्कूटरवर, कामाला जात. १९७२ साली निघालेल्या चेतकचे गिअर डाव्या मुठीत असत. ओल्या हाताने ती मूठ फिरविणे ही एक कसरतच होती. पण कामाची जागा जवळ असे. माणूस भिजला तरी थोड्याच वेळात पंचा घेऊन उभा राही.

आता अंतरे वाढली आहेत. आमची मुलगी मंडीदीपच्या एका कारखान्यात काम करते आणि मोटारसायकलने जाते-येते. पिपलानी, बरखेडा, तेथून एम्सच्या बाजूने नर्मदापुरम रस्त्याला लागायचे, मग मिसरोद, ग्यारह मील आणि मंडीदीप. एका दिशेला वीस-बावीस किलोमीटर. (नर्मदापुरम म्हणजे आपले होशंगाबादच. नाव २०२२ साली बदलले, आमच्या तोंडी अजून जुनेच येते.) दुपारपाळी असली म्हणजे परतायला रात्रीचे अकरा वाजतात.

गेल्या वर्षी श्रावणात ती पडली. पाऊस मुसळधार नव्हता, एकसारखी लागलेली झड होती, आणि हात उघडे होते. बसलेली एक गाय रस्त्यात अचानक उठली. हिने ब्रेक धरला, पण बोटे वेळेवर मिटली नाहीत. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला की सात मीटर रस्ता हातचा गेला. गाय वाचली, गाडी घसरली आणि ही डाव्या तळहातावर पडली. पडणारा माणूस हात पुढे करतोच, ते त्याच्या इच्छेवर नसते. तळहाताची कातडी सोलली गेली ती तीन आठवड्यांत भरून आली. मनगट मात्र दुखतच होते. मनगटात होडीच्या आकाराचे एक लहानसे हाड असते, त्याला स्कॅफॉइड म्हणतात. तळहातावर पडणाऱ्यांचे हेच हाड पुष्कळदा मोडते, आणि पहिल्या क्ष-किरण चित्रात ती चीर कित्येकदा दिसतच नाही. म्हणून डॉक्टर संशयावरूनच प्लास्टर घालतात आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा चित्र काढतात. दुसऱ्या चित्रात आमच्या मुलीची चीर दिसली. या हाडाचा रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ते सांधायलाही वेळ लागतो. दहा आठवडे तिला वेणीदेखील कोणाकडून तरी घालून घ्यावी लागली.

बोटे वेळेवर का मिटली नाहीत, याचे आम्हांला नवल वाटले. भोपाळच्या पावसाळ्यात थंडी ती कितीशी? जुलै-ऑगस्टात रात्रीचा पाराही २३-२४ अंशांच्या फारसा खाली जात नाही. पण ओल्या हातावरून वारा वाहू लागला की गोष्ट निराळी होते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच व्यवहाराने. ओली बोटे तासभर वाऱ्यात धरणे म्हणजे त्यांचा माठ करणे होय. त्यात बोट हा बारीक अवयव, आकाराच्या मानाने उघडी कातडी फार. गारवा लागताच शरीर तेथले रक्त आखडते घेते, मग बोटे जड होतात, दाब नीट कळेनासा होतो. बरे, नुसत्या ओल्या हाताविरुद्ध निसर्गाची तक्रार नसावी. पाण्यात राहिलेल्या बोटांवर सुरकुत्या पडतात त्या कातडी फुगल्यामुळे, असे आपण समजतो. परंतु मज्जातंतू तुटलेल्या बोटावर त्या पडत नाहीत, हे १९३०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आले होते. म्हणजे ते शरीराने मुद्दाम केलेले काम आहे. २०१३ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांना असे आढळले की ओल्या गोट्या उचलताना सुरकुतलेली बोटे अधिक चपळ ठरतात. पुढल्याच वर्षी दुसऱ्यांनी तो प्रयोग करून पाहिला, तर त्यांना फरक दिसला नाही. गोट्यांचे काही असो, क्लच आणि ब्रेक यांची सोय निसर्गाने पाहिलेली नाही, हे आमच्या घरापुरते सिद्ध झाले होते.

प्लास्टर निघाले त्या संध्याकाळी आम्ही कंपनीच्या बसचा विषय काढला. गाडी विकून टाकावी, असेही एकाने सुचविले. कोणी ते सांगत नाही. मुलीने शांतपणे ऐकून घेतले. "आई, बाबा, बस पाळी सुटल्यावर पाऊण तास थांबते आणि मला चौकात उतरवते. रात्री साडेअकराला चौकातून मी चालत येऊ का?" यावर उत्तर नव्हते. मग ती म्हणाली, "गाडी राहणार. हात कोरडे कसे ठेवायचे ते आपण पाहू." कायद्याने शिरस्त्राण सक्तीचे आहे, १९८८च्या मोटार वाहन कायद्यात त्याचे कलमच आहे. हातांविषयी कायद्याने तशी सक्ती केलेली नाही. तेव्हा हे कलम आम्हीच घरात लिहायला बसलो.

भोपाळी उपाय पहिला म्हणजे पन्नी. प्लॅस्टिकच्या पिशवीला येथे सर्व जण पन्नी म्हणतात, आणि मुठींवर पन्नी बांधून निघालेले स्वार पावसाळ्यात हवे तितके दिसतात. तो उपाय आम्ही पहिल्या दिवशीच रद्द केला. पन्नी ॲक्सिलरेटरच्या मुठीवर सरकते, वाऱ्याने फुगते आणि ब्रेकच्या दांडीत अडकते. आत रबरी मोजे, डॉक्टर घालतात तसले, आणि वर साधे हातमोजे, ही कारखान्यातल्या लोकांची युक्ती त्यापेक्षा पुष्कळ बरी. पाणी आत येत नाही, बोटांना दाबही कळतो. पण अर्ध्या तासात आत घामाचे तळे साचते. थोड्या अंतरासाठी ती आम्ही आजही वापरतो.

मग न्यू मार्केट आणि एम. पी. नगर येथली दुकाने झाली. दोन-अडीचशे रुपयांपासून चार-पाच हजारांपर्यंत हातमोजे होते, आणि दुकानदाराच्या मते सगळेच 'वॉटरप्रूफ' होते. "अरे खाँ, बड़े तालाब में डुबो के देख लो," असे एकाने आम्हांला सांगितले. भोपाळात तळ्याची शपथ फार स्वस्त आहे. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे पाणी काही वेळ थोपविणारा आणि 'वॉटरप्रूफ' म्हणजे न शिरू देणारा, हा फरक चिठ्ठीवर बारीक अक्षरांत असतो. तो दुकानातच वाचावा.

पाणी अडविणारी वस्तू बाहेरचे चामडे नव्हे. चामड्याला शिवण असते आणि शिवणीच्या प्रत्येक टाक्याला भोक. पाणी अडते ते आतल्या एका पातळ पापुद्र्याने. या विद्येची मोठी पायरी १९६९ साली अमेरिकेत घडली. रॉबर्ट गोर हे टेफ्लॉनची तापविलेली कांडी हळूहळू ताणून पाहत होते, ती दर वेळी तुटे. शेवटी त्यांनी एक हिसका दिला आणि ती तुटण्याऐवजी कित्येक पट लांबली. त्या ताणलेल्या टेफ्लॉनमध्ये इतकी सूक्ष्म छिद्रे पडतात की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाऊ शकते. आज पॉलियुरेथेनचेही असे पापुद्रे निघतात आणि ते स्वस्त पडतात.

परंतु येथे एक मेख आहे, ती विलायतेतल्या माहितीपत्रकांत आढळत नाही. वाफ बाहेर जाते ती आत दमटपणा अधिक आणि बाहेर कमी असेल तर. भोपाळात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. श्रावणातल्या झडीत हवा आधीच ओलीगच्च, त्यात हातमोज्याचे बाहेरचे कापड भिजून चिंब झालेले. मग वाफ जायची कोठे? ती फारच मंदपणे जाते आणि हात आतल्या आत घामाने ओलावतो. शिवाय गारठ्याच्या देशांसाठी केलेल्या अशा मोज्यांत जाड अस्तर असते, त्याने घामात भरच पडते. तेव्हा आमचे मत असे झाले की आपल्याकडे पावसात पूर्ण कोरडा हात हे खूळ सोडून द्यावे. हात उबदार राहिला आणि बोटांना दांडी नीट कळली म्हणजे झाले. पापुद्रा हवाच, कारण तो वाराही अडवितो. पण अस्तर शक्य तितके पातळ असावे.

अस्तराची परीक्षा दुकानातच होते. हातमोजा घालावा, मूठ पाच-सात वेळा मिटावी, आणि मग हात झटकन बाहेर काढावा. बोटांबरोबर अस्तरही उलटून बाहेर आले तर तो मोजा दुकानात राहू द्यावा. ओल्या हाताने ते अस्तर पुन्हा बोटांत घालणे म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखे आहे, आणि तेही पेट्रोलपंपावर, मागे रांग लागलेली असताना. माप तळहाताच्या घेराचे घ्यावे, अंगठा सोडून. सैल मोजा बोटाच्या टोकाशी दुमडतो आणि क्लचच्या दांडीमागे चेपला जातो. घट्ट असेल तर रक्त अडते आणि ज्यासाठी खरेदी केली तो गारठा विकत मिळतो. मनगटावर पट्टा असावाच. पडताना सैल मोजा हातातून निघून जातो, आणि तळहात खडीवर तसाच उघडा पडतो.

युरोपात या हातमोज्यांचे एक प्रमाण आहे, ईएन १३५९४. आतल्या चिठ्ठीवर मोटारसायकलस्वाराचे चित्र आणि १ किंवा २ हा आकडा असतो. बोटांच्या पेरांवर संरक्षण असेल तर केपी ही अक्षरेही असतात. आम्ही ते चित्र पाहूनच पुढे किंमत विचारीत असू. तळव्याच्या मनगटाकडील भागावर कडक, गुळगुळीत तुकडा असला तर अधिक चांगले. हात रस्त्यावर अडकून न बसता घसरत जातो आणि मनगटावरचा भार हलका होतो. मुलीने त्या तुकड्यावर बोट फिरवून पाहिले आणि काही न बोलता तो मोजा आमच्या हातात दिला.

घरात खरा वाद झाला तो बाहीवरून. रेनकोटची बाही मोज्यावर घ्यावी की मोजा बाहीवर? खांद्यापासून मनगटाकडे उतार असतो. बाहीवरून ओघळणारे पाणी मोज्याच्या उघड्या तोंडात पन्हाळीसारखे पडते, म्हणून बाही वर, असे आमचे म्हणणे. वेगात वारा पाणी उलटे कोपराकडे रेटतो, म्हणून मोजा वर, असे तिचे म्हणणे. दोन्ही खरे आहे, आणि बसण्याच्या ढबीवर ते ठरते. शेवटी आखूड मनगटाचा मोजा आणि त्यावर लवचिक पट्टीची बाही, हा मध्यम मार्ग निघाला. त्यातूनही थोडे पाणी जाते.

विकत घेतलेला जोड बकरीच्या चामड्याच्या तळव्याचा आहे. हे चामडे पातळ आणि चिवट असते, बोटांना दाब कळू देते. घरी आणल्यावर तिने ते घालून दहा मिनिटे बादलीत हात बुडवून मुठी उघडझाप केल्या. पाणी आले नाही, काळा रंग मात्र आला. पहिल्या पावसानंतर मंगळागौरीला गेली तेव्हा बोटे कोळशाच्या वखारीतल्यासारखी दिसत होती. भिजलेले चामडे उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये, ते कडक होऊन चिरते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवावे आणि बोळे दोनदा बदलावेत. रात्री अकरानंतर आमच्याकडे वर्तमानपत्राचा हा दुसरा उपयोग सुरू होतो.

यंदा आषाढात डाव्या करंगळीची शिवण उसवली. पिपलानीच्या बाजारात एक वयस्क चांभार बसतात, त्यांच्याकडे मोजा नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आत फुंकर मारली, कानाशी धरला, आणि टाका घालायला नकार दिला. "बेटी, सुई लगी कि पानी का रास्ता बना," असे म्हणून त्यांनी शिवणीवर रबराचे सोल्युशन लावले, वरून हातोडीच्या दांड्याने दाबले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मोजा घालू नको म्हणून सांगितले. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिची सकाळपाळी होती, आणि ती रबरी मोजे आत घालून गेली.