नमुना

‘मॉडेल’ या शब्दासाठी मराठीला स्वतःचा शब्द फारसा सापडलेला नाही. ‘आदर्श’ म्हणावे, तर तो शाळेच्या किंवा गावाच्या नावाआधी लागतो. ‘प्रतिमान’ समीक्षकांनी आपल्याकडे घेतला. उरतो तो ‘नमुना’. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत दोन ठिकाणी विशेष रुळला. एक महसुली दप्तरात: सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. दुसरा घरगुती बोलण्यात: “काय नमुना आहे!” साठी उलटलेली एखादी स्त्री मॉडेल म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, की तिच्या वाट्याला आधी हा दुसरा अर्थ येतो.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नायिकाभेद शिकवताना आपण धनंजयाच्या ‘दशरूपका’तील स्वीयेचे तीन भेद सांगतो: मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा. वर्षानुवर्षे हे शिकवताना मला एक गोष्ट खुपत आली आहे. प्रगल्भेच्या पुढे पायरीच नाही. तिथून पुढे स्त्री कोणाची तरी आई, सासू किंवा दाई होते. ती कथेत असते. पण तिच्याकडे पाहण्यासाठी म्हणून कोणी पाहत नाही. मॉडेलचे काम तर मुळात पाहिले जाण्याचेच. म्हणून उतारवयात या व्यवसायात शिरणाऱ्या स्त्रीविषयीचे आपले कुतूहल आणि आपला उपहास, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात असे मला वाटते.

पाश्चात्त्य फॅशनजगताने गेल्या काही दशकांत हे वय दाखवायला सुरुवात केली. पती गेल्यानंतर वर्षभरात, 1998 साली, वयाच्या सत्तरीत इंग्लंडच्या डॅफ्नी सेल्फ ‘रेड ऑर डेड’ या कंपनीच्या कपड्यांसाठी लंडन फॅशन वीकमध्ये चालल्या. 2015 मध्ये चीनचे वांग देशून एकोणऐंशीव्या वर्षी बीजिंगच्या रॅम्पवर उघड्या छातीने उतरले. त्याच वर्षी ‘सेलीन’च्या जाहिरातीत ऐंशी वर्षांच्या लेखिका जोन डिडियन दिसल्या. या कथा ‘वय म्हणजे केवळ आकडा’ अशा थाटात सांगितल्या जातात. पण नीट पाहिले तर यांतले कोणीच नवखे नव्हते. सेल्फ तरुणपणी मॉडेल होत्या, वांग यांनी रंगभूमीवर देह घडवला होता, आणि डिडियन यांनी ‘व्होग’मध्ये नोकरी केली होती. ज्याला आपण उशिराचा आरंभ म्हणतो, तो पुष्कळदा परतीचा प्रवास असतो.

डिडियन यांचे ते छायाचित्र मी वर्गातही दाखवले आहे. काळे कपडे, पांढरे केस आणि डोळे पूर्ण झाकणारा मोठा काळा चष्मा. लेखिकेने स्वतःला विकले, अशी कुजबुज तेव्हा झालीच. मला मात्र तो चष्मा महत्त्वाचा वाटतो. चेहरा त्यांनी दिला, नजर आपल्यापाशी ठेवली.

पण जिच्यापाशी असे पूर्वसंचित नाही, तिचे काय? माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. तेहतीस वर्षे त्यांनी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. आम्ही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतो. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शेजारच्या मुलीच्या ओळखीने त्या अंधेरीला ऑडिशनला गेल्या. नाव, वय आणि उंची लिहिलेली पाटी छातीशी धरायची, समोर पाहायचे, मग उजवीकडे, मग डावीकडे. पुढे लोणच्याच्या जाहिरातीत त्या ‘आजी’ झाल्या. केस अर्धेच पिकलेले, म्हणून रंगभूषाकाराने उरलेले पांढरे केले. स्वतःचा चष्मा काढायला लावून जुन्या घाटाचा दुसरा दिला. साठीची खरी बाई त्यांना पुरेशी म्हातारी वाटली नव्हती.

मी त्यांना विचारले, “बाई, इतक्या लोकांनी न्याहाळायचं, अवघडल्यासारखं नाही झालं?”

त्या म्हणाल्या, “अगं, साठ मुलांच्या वर्गात तेहतीस वर्षं उभी राहिले. पदर कसा घेतलाय इथपासून सगळं न्याहाळतात पोरं. त्याचे वेगळे पैसे कोणी दिले होते का?”

या उत्तराने मला माझ्याच व्यवसायाकडे वेगळे पाहायला लावले. शिक्षिका, परिचारिका, बँकेच्या खिडकीत बसणारी स्त्री या सगळ्या दिवसभर पाहिल्या जातात. प्रसन्न दिसणे हा त्यांच्या कामाचा अलिखित भाग असतो. बाईंना पहिल्यांदाच त्या भागाचा मोबदला मिळत होता.

मात्र मोबदला मिळाला म्हणजे मालकी राहिली असे नव्हे. दुसऱ्या वर्षी त्यांनी एका छायाचित्रकारासाठी दिवसभर काम केले. ती छायाचित्रे कुठल्याही एका वस्तूसाठी नव्हती. ती साठवून ठेवायची आणि ज्याला हवी त्याला वापराच्या हक्कासह विकायची, असा तो व्यवहार. बाईंनी संमतिपत्रावर सही केली आणि पाच हजार रुपये घेतले. आठ महिन्यांनी त्यांचा तो हसरा चेहरा एका वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत झळकला. सकाळपासून नातेवाइकांचे फोन मुलाला: “आईला तिकडे ठेवलंस?” मुलगा मनातून दुखावला. “आई, तुला पैशाची गरज तरी काय होती?” हा प्रश्न त्या घरात उघडपणे त्या दिवशी प्रथम विचारला गेला. दोघे काही दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

कायद्याने कोणाचेच चुकले नव्हते. जाहिरातीचे मानधन ती कोणत्या माध्यमात, किती काळ आणि कुठल्या प्रदेशात दाखवणार यावर ठरते; या संमतिपत्रात मात्र मुदत नव्हती आणि विषयाची मर्यादाही नव्हती. सातबाऱ्यावर जमीन कोणाची हे नमुना सात सांगतो आणि पीक कोणते घेतले हे नमुना बारा. चेहऱ्याच्या बाबतीत ही दोन पाने एकत्र शिवलेली नसतात. तरुण मॉडेलचीही फसगत होते; पण वयस्कर चेहऱ्याला एक आणखी जोखीम असते. त्याला पाहणारा लगेच एक कहाणी चिकटवतो: एकाकीपण, आजार, उपेक्षा. बाईंचे हसू त्यांचेच होते, त्याखालचे वाक्य दुसऱ्याचे.

तेव्हा प्रगल्भेनंतरची पायरी बाजाराने निर्माण केली, असे म्हणताना जरा थांबावे लागते. त्याने पांढऱ्या केसांना जागा दिली, पण ती बहुतेक वेळा ‘आजी’ या जुन्याच नात्याची. बदल झालाच असेल, तर तो त्या नात्याचा दर ठरवण्याचा अधिकार स्त्रीच्या हाती थोडासा आला, एवढाच. तो लहान आहे, क्षुल्लक नाही.

मुलाची समजूत पटली की नाही, हे मी विचारले नाही. बाईंनी काम सोडलेले नाही. पुढचे करारपत्र आले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचले, लाल पेनाने समासात ‘मुदत: एक वर्ष’ आणि ‘वृद्धाश्रम, औषधे, विमा वगळून’ असे लिहिले, आणि जाता जाता त्यातली शुद्धलेखनाच्या चुकांची सहा ठिकाणेही दुरुस्त केली. मुदत मान्य झाली. वगळलेल्या विषयांपैकी विमा मात्र कंपनीने परत घालून घेतला.